हापशाचा वायसर

आमच्या गावच्या हापशाचा आवाज पार वेशीपर्यंत यायचा. दांडा खाली जाताना 'खर्र', वर येताना 'टक'. एका उन्हाळ्यात तो थांबला आणि साडेतीन महिने थांबलेलाच राहिला. बिघाड काय, तर खालच्या सिलिंडरातला चामड्याचा वायसर झिजलेला. तो बदलायचा तर दीडशे फुटांवरून दहा-दहा फुटांचे पंधरा पाइप एकेक करून वर ओढायचे. त्यासाठी तिवई, चेन-पाना, चार गडी आणि तालुक्याची गाडी. गाडी होती, तर डिझेलची मंजुरी नव्हती. शेवटी मेकॅनिक आले, पाइप निघाले आणि एकाने जुना वायसर तळहातावर धरून दाखवला. शेजारची म्हातारी म्हणाली, "एवढ्याश्यासाठी व्हय रं बाबा, ओढ्यात झिरे उकरीत बसलो आम्ही?"

पाणी आणि स्वच्छतेच्या मदतकार्याबद्दल पुढे जे जे वाचलं, त्यात म्हातारीचा हाच प्रश्न मला दिसत राहिला. पंप बसवणाऱ्याचं नाव पाटीवर येतं. वायसर कोण बदलणार, हे मात्र कुठेच लिहिलेलं नसतं.

गोष्ट बिहारच्या 1966-67 च्या दुष्काळापासून धरावी. युनिसेफने कठीण खडक फोडणारी यंत्रं विमानाने आणली. जिथे विहीर खणायला महिनोन्‌महिने जात, तिथे बोअर चटकन होऊ लागली. वर बसवले ते बिडाचे पंप. गोऱ्या लोकांच्या परसात एका कुटुंबाला पुरावेत अशा पंपांच्या या नकला, आणि इथे पहाटेपासून हंड्यांची रांग. 1974 च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा चारातले तीन पंप बंद निघाले. बोअर जिवंत, भूगर्भात पाणी, आणि वर मेलेलं लोखंड.

यावरचा तोडगा मराठी मुलखातच आकाराला येत होता. जालन्याच्या स्कॉटिश मिशनने बोअर मारण्याचं काम हाती घेतलं होतं. त्या कामातून पोलादी 'जालना पंप' निघाला. त्यात सुधारणा होत सोलापुरात एका स्वशिक्षित मेकॅनिकच्या हातून 'सोलापूर पंप' झाला. सोलापूरची चादर आणि शेंगाचटणी आपण कौतुकाने मिरवतो, हा पंप मात्र आपल्या गावीही नाही! युनिसेफने सोलापूरचाच नमुना पुढे नेला. मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कारखान्याने तो घडवला, कोइमतूरकडे चाचण्या झाल्या, 1979 मध्ये भारतीय मानक ठरलं. हाच 'इंडिया मार्क टू'. त्यावर कोणाचं पेटंट नव्हतं, कुठल्याही बऱ्या वर्कशॉपला तो करता यावा हाच हेतू होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत असे पन्नास लाखांच्या घरात पंप जगभर बसले. युगांडा, सुदान, माली, घाना, जिथे जिथे मदत पोचली तिथे हा दांडा पोचला.

पण पंप परमुलखात गेला आणि तिथल्या पाण्याशी त्याचं पटेना. पश्चिम आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी भूजल आम्लधर्मी आहे. त्यात जस्ताचा मुलामा दिलेले पाइप गंजू लागले. पाणी तांबूस, चवीला लोखंडी; त्यात शिजवलेलं अन्नही काळवंडे. बायका निमूटपणे जुन्या डबक्यावर परतल्या. अहवालात त्याला 'जनजागृतीचा अभाव' म्हणायची सोय असतेच. त्या बायका अडाणी नव्हत्या, त्यांनी पाणी चाखून पाहिलं होतं एवढंच. पुढे स्टेनलेस स्टीलचे आणि प्लॅस्टिकचे पाइप आले. 'मार्क थ्री'मध्ये पाइप रुंद केला, म्हणजे दट्ट्या वरूनच ओढून काढता येतो, पंधरा पाइपांना हात लावावा लागत नाही. चामड्याच्या जागी रबर आलं. साधी गोष्ट, पण तिच्यामुळे पाना तालुक्याच्या हातून गावाच्या हातात येऊ शकला. तरीही आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला साधारण तीनातला एक हापसा बंद असल्याचे अंदाज 2009 पर्यंत येतच होते. सुटा भाग मिळणारं दुकान दोन दिवसांच्या वाटेवर असेल, तर रुंद पाइप तरी काय करणार?

संकटाच्या वेळी हे सगळं घाईत घडतं. जुलै 1994 मध्ये रवांडातून लाखो लोक सीमेपलीकडच्या गोमा शहरात आले. खाली लाव्हाचा कातळ. संडासाचा खड्डा खणता येईना, कबरही खणता येईना. लोक किवू सरोवराचं पाणी तसंच प्यायले, आणि पटकी व हगवणीने महिनाभरात जवळपास पन्नास हजार माणसं गेली. त्या धक्क्यातून 1997 मध्ये मदतसंस्थांनी 'स्फिअर'ची मानकं हाती घेतली: माणशी दिवसाला किमान 15 लिटर, हातपंपामागे फार तर 500 माणसं, पाणी 500 मीटरच्या आत, वीस जणांमागे एक संडास. आकडे हवेतच, त्यांच्याशिवाय भांडता येत नाही. पण आकडा भरला की काम झालं, अशी सवयही त्यांनीच लावली. बांगलादेशात कॉक्स बाजारला 2017 मध्ये रोहिंग्यांच्या छावण्यांत हजारो उथळ ट्यूबवेल भराभर मारल्या गेल्या, कित्येक तर संडासाच्या कुशीत. मोजणीत दोन्ही भरले, आणि एकाची घाण दुसऱ्याच्या पाण्यात उतरली. पुढे खोल बोअर, सौर पंप आणि मैला शुद्ध करण्याची केंद्रं उभारावी लागली.

त्याच बांगलादेशाने आधी एक मोठा घोट घेतला होता. डबक्यांतल्या जंतूंपासून सुटका म्हणून सत्तरच्या दशकापासून गावोगाव ट्यूबवेल आल्या. 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडलं. मग पंपांना रंग दिले, विषारी तो लाल, बरा तो हिरवा.

संडासाच्या बाबतीत वायसरची जागा लाज घेते. 2000 च्या आसपास बांगलादेशातच राजशाहीकडच्या मोसमोइल गावात विकास सल्लागार कमल कार यांनी अनुदान न देता गावालाच आपली घाण मोजायला लावली, आणि ती रीत जगभर गेली. त्याच सुमारास आपल्याकडे गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेही बक्षिसांच्या जोरावर. गावाने स्वतःहून झाडू उचलला तिथे ते रुजलं. पण पहाटे शिट्ट्या वाजवत फिरणारं 'गुड मॉर्निंग पथक' मला कधीच पटलं नाही. डबा घेऊन निघालेल्या बाईच्या घरी संडासात ओतायला पाणी आहे का, हे त्या पथकाने आधी विचारायला हवं होतं.

गेल्या वैशाखात गावी गेलो होतो. घरोघर नळ आलेत, पाणी आठवड्यातून एकदा. मधल्या दिवसांना हापसाच, आता मार्क थ्री. पाना कुणाकडे असतो, विचारलं. बचत गटाच्या वहिनींनी फडताळातून डालड्याचा जुना डबा काढला. आत पाना, रबराचे दोन वायसर आणि चिंधीत गुंडाळलेला ग्रीसचा गोळा. डब्याखाली शंभर पानी वही होती. शेवटची नोंद: 'साखळी ग्रीस, 60 रुपये. दोन घरांचे येणे बाकी.'