दोन पत्ते जुळले आणि डाव मोडला

दिवाळीच्या सुटीत बदामसात किंवा मेंढीकोटाचा डाव रंगला नाही, असे घर आपल्याकडे विरळाच. या डावात भांडणे होतात, नाही असे नाही. पण ती 'तू पान लपवलेस' एवढ्यावरून. कॅटातल्या बावन्न पानांबद्दल मात्र कोणाची तक्रार नसते. एक्का आज माझ्या हाती, तर उद्या तुमच्या! पण समजा, प्रत्येक खेळाडूने आपापला कॅट घरूनच रचून आणला आणि प्रत्येक पानावर त्या पानापुरता एक वेगळा नियम छापलेला असला, तर? मग न्याय कसा राखायचा?

असा एक खेळ गेली तीस वर्षे जगभर खेळला जात आहे. 'मॅजिक : द गॅदरिंग' हे त्याचे नाव. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो रचला आणि 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने १९९३ च्या ऑगस्टमध्ये बाजारात आणला. दोन मांत्रिकांचे हे द्वंद्व. प्रत्येकाचे आयुष्य वीस गुणांचे. पाने बंद पाकिटांतून विकत घ्यायची, आत काय निघेल ते नशिबावर, आणि नको ती पाने मित्रांशी बदलून घ्यायची. या खेळाचा सुवर्णनियम असा, की पान आणि नियमपुस्तक यांत विरोध आला तर पानाचे खरे मानावे. साऱ्या गमतीचे आणि साऱ्या कटकटीचे मूळ या एका वाक्यात आहे.

गारफील्डचा हिशेब साधा होता. जबरदस्त पाने दुर्मिळ ठेवली, की एकाच्या हाती ती फारशी जमणार नाहीत. पण लोक पाकिटे खोक्यांनी विकत घेऊ लागले. फुकटात तीन शक्तिगुण देणारे 'ब्लॅक लोटस' हे पान कॅटात कितीही घालावे, त्याला तेव्हा बंदी नव्हती! साहजिकच पुढे स्पर्धांसाठी नियम आले : कॅटात किमान साठ पाने, आणि मूळ जमिनीची पाने सोडली तर एकाच पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती. १९९४ च्या जानेवारीत निषिद्ध पानांची पहिली यादीही निघाली. काही पाने अजिबात नकोत, काहींची एकच प्रत चालेल, असे तिचे स्वरूप होते.

दुसरी अडचण क्रमाची. माझे एक अस्वल आहे. दोन गुणांचा मार बसला की ते मरते. तुम्ही तीन गुणांची वीज टाकलीत. तिला उत्तर म्हणून मी अस्वलाला क्षणभर तीन गुणांचे बळ देणारे पान खेळलो. आता आधी काय घडायचे? १९९९ पासून याचे उत्तर ताटांच्या चळतीसारखे आहे : शेवटी ठेवलेले ताट आधी उचलायचे. म्हणजे आधी बळ, मग वीज, अस्वल वाचले. पण मीच घाईने आधी बळ दिले आणि त्यावर तुम्ही वीज टाकलीत, तर आधी वीज पडते आणि बळ द्यायला अस्वल उरतच नाही. पाने तीच, अस्वल तेच. फरक फक्त धीराचा!

खरी पंचाईत होते ती दोन निरुपद्रवी पानांची गाठ पडली म्हणजे. २०१६ साली 'कलादेश' नावाचा संच आला. त्यातल्या काल्पनिक देशाची प्रेरणा भारताची होती. पुढे २०२५ साली त्या देशाचे नाव 'आविष्कार' झाले. या देशातली एक कारागीर साहीली राय. आपल्या तीन गुणांपैकी दोन खर्चून ती आपल्या बाजूच्या प्राण्याची तात्पुरती प्रतिकृती करते, आणि तीही पाळीत एकदाच. २०१७ च्या जानेवारीत 'फेलिडार गार्डियन' हे मार्जारकुळातले पान आले. खेळात येताच ते आपल्या बाजूचे दुसरे एखादे पान बाहेर काढून लगेच परत आणते, आणि परत आलेले पान नियमाने कोरे करकरीत मानले जाते.

आता गंमत पाहा. साहीलीने मांजराची प्रतिकृती केली. प्रतिकृतीने येता येता साहीलीलाच बाहेर नेऊन परत आणले. साहीली कोरी झाली; तिने आणखी एक मांजर केले. असे हजार वेळा! चौथ्या पाळीत मांजरांची फौज उभी आणि समोरचा गारद. हा मेळ आपल्या नजरेतून सुटला, अशी कबुली रचनाकारांनीच दिली. २४ एप्रिल २०१७ रोजी 'प्रमाण' स्पर्धांत काही बदल नाही असे जाहीर झाले, आणि दोनच दिवसांनी मांजरावर बंदी आली.

यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, आम्ही पदरचे पैसे मोजून पान घेतले. चूक तुमची, भुर्दंड आम्हाला का? दुसरा म्हणतो, रोज एकाच रीतीने हरायचे असेल तर खेळायला येणार कोण? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. रचनाकारांना दोष देणे सोपे. पण आज या खेळात पंचवीस हजारांहून अधिक वेगवेगळी पाने आहेत, आणि त्यांच्या नुसत्या जोड्याच एकतीस कोटींवर जातात. त्या कोणी तपासायच्या? २०२० साली तर 'सोबती' पाने इतकी माजली, की एकेकावर बंदी घालत बसण्यापेक्षा नियमच बदलला : सोबती हवा, तर आधी तीन शक्तिगुण मोजून त्याला हातात घ्या.

माझा कौल बंदीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर : चूक उघडपणे कबूल केली पाहिजे, आणि तीही लवकर. दोन दिवसांत शब्द फिरवला म्हणून तेव्हा कंपनीवर पुष्कळ टीका झाली. मला मात्र ते दोन दिवसच तिच्या बाजूचे वाटतात. शब्द राखायचा म्हणून डाव बिघडू देणे अधिक वाईट झाले असते. आपल्या घरातही धाकटी पाती रडकुंडीला आली, की आजी डाव थांबवतेच ना? फक्त नवा नियम ती पुढच्या वाटपापासून लावते, आणि पाने पिसण्याआधी सगळ्यांना मोठ्याने सांगते.