चार मिलिमीटरचं आउटर

गिअरच्या सायकलीची तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मागच्या डिरेलरकडे, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतं. मुरलेला कारागीर मात्र आधी हँडलपासून निघालेल्या काळ्या आउटरवरून, म्हणजे केबलच्या कव्हरावरून, हात फिरवतो. संपादकांनी मला नगरच्या सायकल दुकानांवर लिहायला पाठवलं होतं. मी रेंगाळलो ते या आउटरपाशीच.

अशी केबल नगरला नवी नाही. 1972 साली आलेल्या, इथल्या कायनेटिकच्या लुनाचे ब्रेक आणि ॲक्सिलरेटर तिच्यावरच चालायचे. अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडेन यांनी ब्रिटनमध्ये तिचं पेटंट घेतलं ते त्याच्याही कितीतरी आधी, 1896 साली. (रॅले सायकलवाले बोडेन वेगळे, दोघांची गल्लत नेहमी होते.) यातली खरी हुशारी तारेत नाही, तिच्या कव्हरात आहे. आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते, तेवढ्याच जोराने आउटर दाबलं जातं. म्हणून तर ही ओढ हवी तशी वळवत नेता येते.

आउटर दबून जरा आखूड झालं तर ब्रेक थोडा जास्त दाबावा लागतो, एवढंच. गिअरचं तसं नाही. पूर्वी चालवणारा दांडी अंदाजाने सरकवून चेन जागेवर आणायचा. 1984 साली शिमानोने टकटक बसणारे गिअर आणले आणि अंदाजाची जागा मापाने घेतली. मागे सात चकत्या असलेल्या त्यांच्या नेहमीच्या रचनेत एका टक्‌ला तार सुमारे 3 मिलिमीटर सरकते आणि डिरेलर 5. म्हणजे आउटरने वाटेत 1 मिलिमीटर गिळला, तर चेन पावणेदोन मिलिमीटर चुकली. सपाट रस्त्यावर ती नुसती कुरकुरते. चांदबिबी महालाच्या चढावर जोर लावला की उडी मारते.

म्हणूनच आउटर दोन जातीचं असतं. ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, बहुधा 5 मिलिमीटर जाडीची. गिअरच्या आउटरमध्ये बारीक तारा लांबीच्या दिशेने जवळजवळ सरळ घातलेल्या असतात, त्यामुळे ते दबत नाही. जाडी 4 मिलिमीटर. ते साध्या पकडीने तोडलं की तोंड चेपतं. त्यासाठी धारदार केबल कटर लागतो. मग टोक कानशीने सपाट करायचं, आतली प्लॅस्टिकची नळी टोच्याने उघडायची आणि वर टोपी बसवायची.

सगळ्यात हट्टी भाग डिरेलरमागचा गोल तुकडा. आखूड कापला तर वळण तुटकं येतं आणि तार घासते. लांब ठेवला तर तो बाहेर लोंबतो आणि विनाकारण घर्षण वाढवतो. पुढच्या बाजूला हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघायचं. कुठेही ताण येता कामा नये. माप फ्रेमप्रमाणे बदलतं, त्यामुळे आधीच कापून ठेवलेल्या तुकड्यांवर माझा विश्वास नाही.

पुढे अडचणीच अडचणी. अकोले तालुक्यात घाटघरकडे पावसाचं पाणी आउटरात शिरतं आणि तार गंजते, पाथर्डीकडे धूळ. पायडलच्या धुरीखालून तार नेणाऱ्या सायकलींत काळ्या मातीचा चिखल तिथल्या प्लॅस्टिकच्या खाचेत सुकून बसतो, आणि नवी तार घालूनही गिअर जड राहतो. हाताशी गिअरचं आउटर नसलं की ब्रेकचंच कापून घालायचं, हा जुगाड तर सर्रास चालतो. महागड्या नव्या सायकलींत केबल फ्रेमच्या पोटातून जाते; काहींत तर ती हँडलखालच्या हेडसेटमधून आत शिरते, आणि तिथलं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकचे पाइपसुद्धा सोडावे लागतात. दिसायला देखणं, पण तालुक्याच्या दुकानात ही शिक्षाच. अतिमहाग सायकलींत बॅटरीवरचे गिअर आले, तिथे तारेचा प्रश्नच मिटला. पण शाळेच्या पोराला अशा सायकलीचा काय उपयोग?

तेव्हा गिअर बिघडला तर डिरेलर बदलण्याआधी तार आणि आउटर बदलून बघा. आउटर कापताना शेजारी उभे राहा. आणि गिअरचं आउटर ब्रेकला कोणालाही घालू देऊ नका: जोराचा ब्रेक दाबला की त्यातल्या सरळ तारा प्लॅस्टिक फाडून बाहेर येऊ शकतात, आणि करंजी घाटाच्या उतारावर ब्रेक गेला तर सावरायला वेळ मिळत नाही.