गाडीला सिरॅमिक कोटिंग करावं का?

नवीन गाडी बुक केली की शोरूममध्ये विम्याच्या कागदांसोबत आणखी एक कागद पुढे येतो. त्यावर सिरॅमिक कोटिंगचं पॅकेज असतं. तीन वर्षांचं एवढं, पाच वर्षांचं तेवढं. ओरखडे पडणार नाहीत, धूळ बसणार नाही, रंग नव्यासारखा राहील, असं सांगितलं जातं. आठ-दहा लाख मोजणाऱ्या माणसाला त्यावर आणखी तीस हजार फार वाटत नाहीत आणि सही होऊन जाते.

आपल्या मंडळातल्या बऱ्याच तरुण घरांत सध्या पहिली किंवा दुसरी गाडी येते आहे, म्हणून हा विषय घेतला. मी रंगकामाचा तज्ज्ञ नाही. नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो आणि आई-बाबा बालाघाटला असतात. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून गडद निळ्या रंगाची गाडी घेतली तेव्हा हाच कागद आमच्याही पुढे आला. "तू इंजिनिअर आहेस, पाहून सांग," म्हणत बाबांनी तो माझ्या हातात दिला. पैसे बाबांचे होते, त्यामुळे अंदाजाने सांगून चालणार नव्हतं. मग जे वाचलं, नागपूर-गोंदियाच्या दुकानांत विचारलं आणि घरच्या जुन्या गाडीवर करून पाहिलं, ते इथे मांडतो.

रंगावर नेमकं काय लावतात?

गाडीचा रंग म्हणजे एक थर नसतो. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा थर आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण जिवापाड जपतो तो रंग जेमतेम दोन केसांएवढा. त्यातला क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनचा. चमक त्याचीच असते, उन्हापासून रंगाला वाचवतो तोही तोच, आणि आपल्याला दिसणारे बारीक ओरखडेही बहुतेक त्याच्यावरच असतात.

सिरॅमिक कोटिंग हे सिलिका बनवणाऱ्या रसायनांचं द्रावण असतं. ते स्पंजने चोळलं की हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं आणि क्लिअर कोटला चिकटून बसतं. या थराची जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन, कधी त्याहूनही कमी. रस्त्यावरचा उडालेला दगड एवढ्याशा थराने अडत नाही. त्यासाठी पीपीएफ नावाची पारदर्शक फिल्म असते, ती १५० ते २०० मायक्रॉनची असते आणि तिची किंमतही कोटिंगच्या कितीतरी पट असते.

जाहिरातीतला "९एच" हा शब्दही समजून घ्यायला हवा. तो ऐकून आपल्याला वाटतं, हिरा १० आणि हे ९! पण हिऱ्याचा १० हा मोह्स नावाच्या खनिजांच्या मापनपट्टीवरचा आहे. कोटिंगचा ९एच हा पेन्सिलीचा आहे. ठरावीक दाबाने ९एच पेन्सिल ओढली आणि ओरखडा उठला नाही, एवढाच त्याचा अर्थ. साधी वाळू म्हणजे बहुतांशी क्वार्ट्झ, आणि ती मोह्सच्या पट्टीवर ७ वर बसते. तिच्यापुढे पेन्सिलीचं शिसं म्हणजे लोणी.

मग कोटिंग करतं काय? पाणी आणि घाण चिकटू देत नाही. अळूचं पान, म्हणजे आपल्याकडचा धोपा, आठवा. त्यावर पाणी टिकत नाही, मोत्यासारखं घरंगळतं. पानावरच्या मेणाच्या सूक्ष्म उंचवट्यांमुळे असं होतं. कमळाच्या पानाचं असंच रहस्य बॉन विद्यापीठाच्या विल्हेल्म बार्थलॉट आणि ख्रिस्तोफ नाइनहुइस या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये उलगडून मांडलं. कोटिंगवरचं पाणी कमळाच्या पानाइतकं गोल होत नाही, तरी साध्या रंगापेक्षा पुष्कळ लवकर ओघळतं. चिखल कमी घट्ट बसतो. पक्ष्यांची विष्ठा, झाडाचा चिक, चिरडलेले किडे यांचा रंगावर लगेच परिणाम होत नाही, पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. चमकही थोडी खुलते.

थोडक्यात, कोटिंग हा रंगाचा रेनकोट आहे. दुकानात मात्र तो चिलखत म्हणून विकला जातो.

आपल्या बालाघाटची धूळ

पुण्या-मुंबईच्या माणसाने दिलेला सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण आपली धूळ वेगळी आहे. शहराजवळच भरवेलीची मँगनीजची खाण आहे, पुढे उकवा आहे, तिरोडी आहे. मलाजखंडला तांब्याची खाण आहे. खनिजाचे ट्रक जातात त्या रस्त्याकडेची पानंसुद्धा काळपट दिसतात. आपल्या पट्ट्यातल्या मँगनीज खनिजात ब्राउनाइट हे खनिज मुख्य आहे, त्याचा कठीणपणा मोह्सच्या पट्टीवर ६ ते साडेसहा. सुरीचं पोलाद साधारण साडेपाच. म्हणजे गाडीवर साचणारे हे कण लोखंडालाही ओरबाडू शकतात.

दुसरी गोष्ट धानाची. धानाच्या तुसाची राख ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. ज्या गिरण्यांत तूस जाळतात, त्यांच्या आसपास ती राख वाऱ्याने येऊन बसते. गंमत पाहा, बाटलीतून सिलिका विकत घेऊन आपण रंग वाचवायचा आणि आभाळातून फुकट पडणारी सिलिका त्यालाच घासायची!

ही धूळ गाडीवर नुसती बसून राहिली तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते तिच्यावरून कोरडं फडकं फिरवलं की. फडक्याखाली आलेला प्रत्येक कण क्लिअर कोटवर बारीक रेघ ओढत जातो. वर्षभर रोज असं झालं की उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतात. एक-दोन मायक्रॉनच्या थराने हे थांबत नाही.

जुन्या गाडीवर करून पाहिलं

घरची जुनी हॅचबॅक अजून चालू आहे. ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर मी तिचं बॉनेट नीट धुऊन हलकं पॉलिश केलं, मधोमध चिकटपट्टी लावली आणि फक्त डाव्या बाजूला घरी लावायचं कोटिंग लावलं. उजवी बाजू तशीच ठेवली. जूनपर्यंत दर महिन्याला घरी येऊन पाहत राहिलो.

धूळ दोन्ही बाजूंना सारखीच बसली. धुताना मात्र फरक स्पष्ट होता. डावी बाजू नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने बरीच निघायची, उजवीला साबण आणि हात लागायचा. पाण्याचे मोती सुरुवातीला सुंदर दिसायचे, उन्हाळ्यापर्यंत ते पसरट झाले. अळवावरचं पाणी म्हणतात ते काही उगाच नाही. घरी लावलेलं कोटिंग दुकानातल्या इतकं टिकाऊ नसतं, हेही लक्षात घ्यायला हवं.

न विसरता सांगण्यासारखी गोष्ट पाण्याच्या डागांची. आमच्या बोअरचं पाणी क्षाराचं आहे, बादलीला पांढरी कड येते. कोटिंग केलेल्या भागावर पाणी थेंबाथेंबाने उभं राहतं आणि उन्हात वाळलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी गोल कडी उरते. हे डाग डाव्या बाजूला जास्त ठळक होते. म्हणजे जड पाणी असलेल्या घरात कोटिंगनंतर गाडी लगेच टिपून कोरडी करावीच लागते. आरओ मशीनमधून बाहेर टाकलेलं पाणी बरेच जण गाडीसाठी साठवतात, पण त्यात क्षार आणखी जास्त असतात. ते अंगणासाठी ठेवा.

हिशेब

आम्हाला तीन वर्षांच्या पॅकेजचा भाव ३०,००० रुपये सांगितला होता. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये. वॉरंटी टिकवायची तर दर वर्षी त्यांच्याकडेच देखभाल, एका वेळचे ४,००० रुपये. दोनदा केलं की एकूण ४३,४०० रुपये. ३६ महिन्यांनी भागलं तर महिन्याला साधारण १,२०० रुपये.

त्याच्या तुलनेत दोन बादल्या, चांगला शाम्पू, धुण्याचा मायक्रोफायबरचा हातमोजा, चार जाड टॉवेल आणि एक फवारणी पंप हे सगळं मिळून आम्हाला चार हजारांच्या आत पडलं.

आणखी एक. कोटिंग लगेच करायची घाई नसते. कारखान्यातला रंग भट्टीत भाजून पक्का झालेला असतो. कोटिंग आज केलं काय किंवा वर्षाने केलं काय, रंगाला फरक पडत नाही. फक्त तोवर त्यावर ओरखडे पडू द्यायचे नाहीत, कारण मग कोटिंगआधी जोरात पॉलिश करावं लागतं आणि प्रत्येक पॉलिशमध्ये क्लिअर कोट थोडा झिजतो. तो परत येत नाही.

बाबा आणि फडकं

आता खरा अवघड भाग. बाबा रोज सकाळी चहा झाला की फडकं घेऊन गाडी पुसतात. आयुष्यभर सायकल आणि स्कूटर चालवलेल्या माणसाची ही पहिली नवी कोरी गाडी. त्या पुसण्यात काळजी आहे, अभिमान आहे, आणि निवृत्तीनंतरच्या सकाळचा एक तासही आहे. ते बंद करा, असं सांगायला माझी जीभ रेटेना.

एका दुपारी त्यांना जुन्या गाडीचं बॉनेट उन्हात तिरकं पाहायला लावलं. गोल जाळी दिसली. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे फडक्यानं झालं काय?"

"फडक्याखालच्या धुळीनं, बाबा. तुम्ही पुसा, फक्त आधी पाणी मारा."

"अन् रोज एवढं पाणी नासू?"

प्रश्न रास्त होता. उत्तर शेतीच्या दुकानात मिळालं. हाताने हवा भरायचा नवा फवारणी पंप, औषधाला कधीही न वापरलेला. दोन-तीन लिटर पाण्यात धूळ खाली वाहून जाते. मग मऊ टॉवेल वरून खाली, न दाबता. गोल फिरवायचा नाही, आणि जमिनीवर पडला तर त्या दिवशी पुन्हा वापरायचा नाही. रोजच्याऐवजी दिवसाआड, एवढी तडजोड त्यांनी केली. उरलेल्या सकाळी ते टायर आणि आतल्या काचा पुसतात. पावसाळ्यात पत्र्यावरचं पाणी ड्रममध्ये धरून शेवटचा हात त्याचाच देतात. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच असतात, त्यामुळे डाग पडत नाहीत. हा शोध बाबांचा, माझा नाही.

तर करावं का?

माझं मत असं झालं आहे. गाडी पाच-सात वर्षं ठेवायची असेल, रंग काळा-निळा-लाल असेल, गाडी झाडाखाली किंवा उघड्यावर राहत असेल आणि घरात कोणीतरी ती नीट पद्धतीने धुणारं असेल, तर कोटिंगचे पैसे वसूल होतात. धुणं सोपं होतं, डागांपासून वेळ मिळतो. रंग पांढरा किंवा चंदेरी असेल, दोन-तीन वर्षांत गाडी विकायची असेल, किंवा कोरड्या फडक्याची सवय सुटणार नसेल, तर ते पैसे वाचवा. अशा गाडीला दर तीन-चार महिन्यांनी चांगला सीलंट किंवा मेण पुरेसं आहे.

करायचं ठरलं तर दुकानात हे विचारा: आधी पॉलिश किती करणार आणि रंगाची जाडी मोजणार का? काम बंद, धूळ नसलेल्या जागेत होणार का? किती थर, आणि बाटलीवरचं नाव लेखी देणार का? वॉरंटीत पाण्याचे डाग आणि ओरखडे येतात की वगळले आहेत? अपघातात एखादा दरवाजा नव्याने रंगवला तर त्यावरच्या कोटिंगचं काय? शेवटचा प्रश्न विमा कंपनीलाही विचारा. काम झाल्यावर पहिला आठवडा गाडी धुऊ नका. त्यामुळे आपल्याकडे यासाठी पावसाळा टाळलेला बरा, नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम.

बाबांनी शोरूमच्या त्या कागदावर सही केली नाही. त्या पैशातले काही अंगणात गाडीपुरता पत्र्याचा मांडव घालायला गेले, बाकीचे बँकेत आहेत. येत्या हिवाळ्यात रंग पाहून ठरवू, असं आमचं बोलणं झालं आहे. तुमच्या घरी हा प्रश्न आला असेल तर पॅकेजची किंमत नंतर पाहा. आधी सकाळी गाडी कोण पुसतं आणि कशाने पुसतं, ते पाहा.