कुत्र्याचं वय सातानं गुणू नका!

आपलं आकुर्डी खंडोबा माळाचं. इथे कुत्रं म्हणजे देवाचा सोबती. पण त्याचं वय मात्र सगळे साताच्या पाढ्यानंच मोजतात! अहो, वर्षाच्या कुत्रीला पिल्लं होऊ शकतात. सात वर्षांची मुलगी दुसरीत असते. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं पहिलं वर्ष माणसाच्या साधारण १५ वर्षांएवढं, दुसरं ९, पुढचं प्रत्येक सुमारे ५. म्हणजे पाच वर्षांचा मोत्या चाळिशीला टेकला. ग्रेट डेन सात-आठ वर्षांतच म्हातारा होतो, पॉमेरेनियन तेव्हाही घर डोक्यावर घेतो. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी लॅब्राडॉरच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा तपासल्या. त्यांच्या सूत्रानुसार वर्षाचा लॅब्राडॉर थेट ३१ वर्षांचा! (मला हे जरा जास्तच वाटतं.) सातव्या वर्षानंतर दात, डोळे, सांधे दर सहा महिन्यांनी तपासून घ्या.