डोमेन नावाची विक्री आणि ताबा

डोमेन नाव म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता. त्याची किंमत ठरली, पैसे मिळाले, तरी विक्री पुरी होत नाही. नोंदीत खरेदीदाराचे नाव लागून ताबा त्याच्या खात्यात जाईपर्यंत दोन्ही बाजू अडकलेल्या असतात. ठाणे जिल्ह्यातील भातसानगरजवळची जमीन विकली, तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव चढते, आणि प्रत्येक पायरीवर सरकारी दप्तर साक्षीला असते. डोमेनच्या व्यवहारात असे सरकारी दप्तर नाही. पैसे एका वाटेने येतात, नाव दुसऱ्या वाटेने जाते. म्हणून सगळी सुरक्षितता कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, यावर अवलंबून असते.

डॉट कॉम, डॉट इन अशा नावाच्या प्रत्येक शेवटासाठी एक मूळ नोंदवही असते. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइन ही अमेरिकी कंपनी सांभाळते. डॉट इन आणि देवनागरीतील डॉट भारत यांची नोंदवही निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे. ग्राहकाचा व्यवहार मात्र रजिस्ट्रार म्हटल्या जाणाऱ्या विक्रेत्या कंपनीशी होतो. नाव कायमचे मालकीचे होत नाही. ते सहसा १ ते १० वर्षांसाठी नोंदवले जाते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून वाढवावे लागते.

विक्रीआधी पाहायची पहिली गोष्ट म्हणजे नाव नक्की कोणाच्या नावावर आहे. भातसा जलाशयाच्या बाजूचे एखादे कृषी पर्यटन केंद्र, माहुलीच्या पायथ्याचे फार्महाऊस किंवा माळशेजच्या रस्त्यावरचे हॉटेल असेल, तर संकेतस्थळ सहसा कल्याण-ठाण्याच्या कोणा डिझायनरने करून दिलेले असते. नाव त्यानेच स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलेले असू शकते. अशा वेळी व्यवसायाच्या मालकाला विकण्यासारखे हातात काहीच नसते. आधी ते नाव मालकाच्या खात्यात आणि मालकाच्या ईमेलवर आणायला हवे, मगच खरेदीदाराशी बोलणी.

ताबा देण्याच्या दोन वाटा आहेत. खरेदीदाराने त्याच रजिस्ट्रारकडे खाते उघडले, तर नाव एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवले जाते. हे काम बहुधा त्याच दिवशी होते. छोट्या व्यवहारासाठी हीच वाट बरी, कारण तिच्यात पायऱ्या कमी आणि चुकण्याच्या जागाही कमी. रजिस्ट्रार बदलायचा असेल, तर विक्रेत्याने नावावरचे हस्तांतर-कुलूप काढायचे आणि अधिकार-कोड खरेदीदाराला द्यायचा. तो कोड नव्या रजिस्ट्रारकडे भरला की जुन्याकडून दुजोरा मागितला जातो. डॉट कॉमसारख्या नावांसाठी यात साधारण ५ दिवस जातात. नाव नुकतेच नोंदवलेले किंवा नुकतेच हलवलेले असेल, तर ६० दिवस ते अडवले जाऊ शकते. मालकाचे नाव बदलल्यावरही अनेक रजिस्ट्रार तेवढेच दिवस थांबवतात. म्हणून आधी रजिस्ट्रार बदलावा, मालकाची नोंद त्यानंतर बदलावी.

अधिकार-कोड म्हणजे या व्यवहाराची किल्ली. थेट व्यवहारात पैसे खात्यात जमा झाल्याचे विक्रेत्याने स्वतःच्या बँकेत पाहिल्याशिवाय तो देऊ नये. खरेदीदाराने पाठवलेला भरणा झाल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. कार्डाने दिलेले पैसे नंतर वाद घालून परत मागवता येतात, हेही लक्षात ठेवावे. उलट खरेदीदाराने अनोळखी माणसाला आगाऊ रक्कम द्यावी, हेही तितकेच अवघड. रक्कम मोठी असेल तेव्हा एस्क्रो सेवेचा खर्च सार्थ ठरतो: खरेदीदाराचे पैसे ती सेवा धरून ठेवते, नाव त्याच्या ताब्यात आल्याची खात्री झाली की विक्रेत्याला देते. अशी सेवा दोघांनी मिळून निवडावी. समोरच्याने पाठवलेल्या दुव्यावरून एस्क्रोच्या पानावर जाऊ नये, कारण बनावट एस्क्रो ही फसवणुकीची जुनी पद्धत आहे.

नोंद किती सहज फिरवता येते याचे प्रसिद्ध उदाहरण सेक्स डॉट कॉमचे आहे. गॅरी क्रेमेन यांनी १९९४ मध्ये नोंदवलेले हे नाव १९९५ मध्ये एका बनावट पत्राच्या आधारे दुसऱ्याच्या नावावर गेले. ते परत मिळवायला त्यांना अनेक वर्षे न्यायालयात लढावे लागले, आणि २००३ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने डोमेन ही मालमत्ता मानली.

सर्वांत दुर्लक्षित धोका ईमेलचा आहे. नाव गेले की त्या नावावरचे सगळे ईमेल पत्तेही जातात, आणि नवा मालक हवे तर तेच पत्ते पुन्हा सुरू करू शकतो. जुन्या मालकाचे बँक खाते, जीएसटी, आयकर, वीजबिल किंवा गुगल नकाशावरील व्यवसायाची नोंद त्या पत्त्याशी जोडलेली असेल, तर पासवर्ड बदलण्याचे दुवे नव्या मालकाच्या हाती पडतील. त्याचा हेतू वाईट नसला तरी ग्राहकांचे आरक्षण, पैशांच्या पावत्या, ओळखपत्रांच्या प्रती त्याच्याकडे येत राहतील. म्हणून कोड देण्याआधी प्रत्येक खात्याचा पत्ता बदलावा, जुन्या ईमेलची प्रत काढून ठेवावी, आणि नियमित ग्राहकांना नवा पत्ता कळवावा. हे काम एका बैठकीत उरकत नाही. ताबा देण्याची तारीख त्यानुसारच ठरवावी.

लेखी करारही हवा, आणि त्याआधी नाव वादात सापडणारे नाही ना, हे पाहावे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रेडिफच्या प्रकरणात डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००४ च्या सत्यम इन्फोवे निकालात तीच दिशा पक्की केली. त्यामुळे दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाशी जुळणारे डोमेन विकणे वा घेणे वादाला आमंत्रण ठरते. करारात फक्त डोमेन विकले की त्यासोबत मजकूर, छायाचित्रे, बोधचिन्ह आणि व्यापारचिन्हही विकले, हे स्पष्ट लिहावे. डोमेन गेले म्हणून व्यापारचिन्ह आपोआप जात नाही.

नाव पोहोचल्यावर खरेदीदाराने संपर्काची माहिती स्वतःची घालावी, पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी लावावी, कुलूप पुन्हा घालावे आणि मुदत कधी संपते ते तपासावे. डॉट कॉमचा रजिस्ट्रार बदलताना मुदतीत सहसा एक वर्ष वाढते. पडताळणीचा ईमेल आला, तर १५ दिवसांच्या आत त्यातील दुव्यावर जाऊन दुजोरा द्यावा, नाहीतर संकेतस्थळ बंद पडू शकते.