घरगुती गेमिंग राउटरची निवड : उपयुक्त वैशिष्ट्यांचे विवेचन

प्रस्तावना :
ऑनलाइन खेळ हा आज अनेक कुटुंबांतील तरुणांच्या दैनंदिन जीवनाचा भाग झाला आहे. त्यासाठी राउटर निवडताना खोक्यावरील ‘गेमिंग’ ही अक्षरे, अँटेनांची संख्या आणि वेगाचा मोठा आकडा यांवरच ग्राहकाची भिस्त असते. वस्तुतः खेळाला अतिवेगापेक्षा अल्प व स्थिर विलंबाची गरज असते. हा भेद लक्षात न घेतल्यास पैसा खर्च होतो आणि मूळ अडचण कायम राहते. प्रस्तुत लेखात राउटरची कोणती वैशिष्ट्ये खरोखर उपयुक्त ठरतात, याचे विवेचन केले आहे.

१) वेग आणि विलंब :
वेग म्हणजे एका सेकंदात वाहून नेली जाणारी माहिती, तर विलंब म्हणजे संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणारा काळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर अंतर कापतो. त्यामुळे १००० किलोमीटर दूर असलेल्या सर्व्हरशी एका देवाणघेवाणीस किमान १० मिलिसेकंद लागतात. हा काळ कोणताही राउटर कमी करू शकत नाही. राउटरच्या हाती असतो तो केवळ घरात निर्माण होणारा विलंब.

२) रांगेचे व्यवस्थापन :
घरात एकजण खेळत असताना दुसऱ्याच्या मोबाइलमधून छायाचित्रे अपलोड होऊ लागली, की खेळ अडखळतो. याचे कारण राउटरमधील बफरमध्ये साचणारी पॅकेटांची रांग होय. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल आणि रांगेत १ मेगाबाइट माहिती साचली असेल, तर मागून येणाऱ्या खेळाच्या पॅकेटला सुमारे ८०० मिलिसेकंद तिष्ठावे लागते. या दोषाला ‘बफरब्लोट’ म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास त्याकडे लक्ष वेधले. कॅथलीन निकोल्स व व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये त्यावर ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. पॅकेट रांगेत किती काळ थांबले, हे पाहून ती रांग आटोक्यात ठेवते. पुढे विकसित झालेल्या ‘एफक्यू-कोडेल’ व ‘केक’ या पद्धती निरनिराळ्या प्रवाहांना स्वतंत्र वागणूक देतात. त्यामुळे मोठ्या फाइलमागे लहान पॅकेट अडकून राहत नाही.

म्हणून राउटरच्या माहितीपत्रकात ‘एसक्यूएम’, ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ यांचा उल्लेख आहे काय, हे प्रथम पाहावे. ही सोय वापरताना राउटरमध्ये प्रत्यक्ष वेगापेक्षा किंचित कमी वेगमर्यादा नोंदवावी लागते. तेव्हाच रांगेचे नियंत्रण राउटरकडे राहते. याचा लाभ खेळणाऱ्याप्रमाणेच ऑनलाइन वर्गाला बसलेल्या भावंडालाही होतो.

३) केबल आणि वाय-फाय :
खेळाचे यंत्र शक्यतो केबलने जोडावे. त्यासाठी राउटरला पुरेसे गिगाबिट पोर्ट असावेत. वाय-फाय वापरावयाचे असल्यास ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा श्रेयस्कर ठरतो. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात परस्परांवर न चढणारी साधारणतः तीनच चॅनेल मिळतात, त्यामुळे दाट वस्तीच्या इमारतीत शेजाऱ्यांच्या लहरींची गर्दी होते. मात्र ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी भिंतींमधून तुलनेने कमी जातात. तेव्हा राउटरची जागा विचारपूर्वक ठरवावी.

४) जोडणी आणि सुरक्षितता :
मित्रांच्या यंत्रांशी थेट जोडणीसाठी ‘यूपीएनपी’ व पोर्ट फॉरवर्डिंग या सोयी उपयोगी पडतात. परंतु सेवादात्याने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असल्यास त्यांचा प्रभाव उरत नाही. अशा वेळी आयपीव्ही६ ची सोय असणे हिताचे. सुरक्षा अद्यतने किती वर्षे मिळणार, हेही विचारावे. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रणालीने कारखान्यात ठरवलेले पासवर्ड न बदललेले राउटर व कॅमेरे मोठ्या संख्येने ताब्यात घेतले होते. विशेष म्हणजे तिचा वापर ‘माइनक्राफ्ट’ या खेळाच्या सर्व्हरांवरील हल्ल्यांसाठीही झाला होता.

निष्कर्ष :
रांगेचे सुयोग्य व्यवस्थापन, गिगाबिट पोर्ट, ५ गिगाहर्ट्‌झ वाय-फाय आणि दीर्घकाळ मिळणारी अद्यतने हीच गेमिंग राउटरची खरी लक्षणे होत. खरेदीपूर्वी एक सोपी चाचणी करावी. संगणक केबलने जोडून प्रथम निवांत असताना व नंतर मोठी फाइल अपलोड होत असताना ‘पिंग’ मोजावा. दुसरा आकडा पहिल्याच्या कित्येक पट असेल, तर दोष रांगेचा आहे. तो अधिक वेगाची योजना घेऊन नव्हे, तर रांग सांभाळणाऱ्या राउटरने दूर होतो. दोन्ही आकडे सारखेच मोठे असतील, तर कारण बहुधा घराबाहेर असते आणि नवा राउटर घेण्याचा खर्च व्यर्थ ठरतो.