टोल गाडीचा की गाडीवानाचा?



आजचा विषय वरवर पाहता अगदी घरगुती आहे. घरात दोन मोटारी आहेत. दोन्ही एकाच दिवशी महामार्गावर जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मग एकच फास्टॅग आज हिच्यात व उद्या तिच्यात ठेवला, तर बिघडले कोठे? पैसे तर आम्हीच भरतो ना? असे विचारणारा गृहस्थ लबाड असतोच असे नाही. पुष्कळदा तो काटकसरी व सरळ मनाचा असतो. म्हणूनच त्याला केवळ ‘नियम आहे’ एवढे सांगून भागणार नाही. नियमामागील कारण सांगितले पाहिजे.

प्रथम ही चिकटपट्टी काम कशी करते ते पाहू. तिच्यात बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि तिला जोडलेला धातूचा पातळ अँटेना, एवढाच तिचा संसार. नाक्यावर मार्गिकेच्या डोक्यावर बसविलेले यंत्र ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींतूनच चिपला क्षणभर पुरेल इतकी शक्ती मिळते आणि ती आपला क्रमांक परतणाऱ्या लहरींवर उमटवून देते. तो क्रमांक नाक्याच्या बँकेकडून राष्ट्रीय देयक महामंडळाच्या मध्यवर्ती यंत्रणेकडे जातो. तेथील नोंदवहीत त्या क्रमांकापुढे गाडीचा नोंदणी क्रमांक, तिचा वर्ग आणि टॅग चालू आहे की बंद, हे लिहिलेले असते. त्यानुसार टॅग देणाऱ्या बँकेतील आपल्या खात्यातून पैसे वजा होतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्राला माणूस दिसत नाही. त्याला गाडीची ओळख कळते. फास्टॅग ही पैशांची पिशवी नव्हे, ती गाडीच्या कपाळावरची ओळखपट्टी होय. पिशवी निराळी, ती बँकेत असते.

आता टोल मुळात कशाबद्दल घेतात, हे पाहू. रस्ता बांधणे व राखणे यांचा खर्च तो वापरणाऱ्यांकडून घ्यावा, हे तत्त्व जुने आहे. आपल्या देशात टोलचा कायदा १८५१ सालचा आहे. नाक्यावरचा कारकून गाडी पाहून पैसे घेई, मालकाचे नाव पाहून नव्हे. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांतही तेच आहे. मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे आणि बस किंवा दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, असे मूळ दर ठरले व पुढे ते वर्षावर्षाला वाढत गेले. हा फरक का? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर भरलेले ट्रक सतत फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून असे दिसले की, आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. मोटारीचा टॅग टेम्पोत ठेवून कोणी नाका ओलांडला, तर तो रस्त्याचे देणे बुडवितो. म्हणून मार्गिकेवर गाडीचा वर्ग यंत्राने निराळा तपासला जातो आणि टॅगवरील वर्गाशी ताडून पाहिला जातो.

आमचा काटकसरी गृहस्थ म्हणेल, “पण माझ्या दोन्ही मोटारीच आहेत!” आक्षेप रास्त आहे. न्यूयॉर्कच्या महामार्गावर १९९३ साली सुरू झालेल्या ईझी-पास पद्धतीत ही मोकळीक आहेही. तेथील टॅग म्हणजे काचेवरून काढता-लावता येणारी छोटी डबी. खात्यावर नोंदविलेल्या एकाच वर्गाच्या गाड्यांत ती हलविता येते. मात्र तेथे ओळखपट्टी खात्याची आहे आणि गाड्यांचे क्रमांक त्या खात्याला जोडलेले आहेत. आपल्याकडे टॅग एका गाडीलाच बांधलेला आहे. काचेवरून सोलला की तो फाटून निकामी व्हावा, अशीच त्याची घडण आहे.

या बांधणीवर आपल्या सवलतीही उभ्या आहेत. चोवीस तासांत परत येणाऱ्या गाडीला दोन फेऱ्यांचे शुल्क दुप्पट न पडता दीडपट पडते. टॅग हातोहात फिरला तर एक गाडी गेली आणि दुसरीच परतली, तरी सवलत मिळेल. १५ ऑगस्ट २०२५ रोजी खासगी मोटारींसाठी राष्ट्रीय महामार्गांवरचा वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा ३००० रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, असा हिशेब होता. तो एका गाडीच्या वापराचा हिशेब आहे. चार भावांनी तो वाटून घेतला तर स्वस्ताई चौघांची होते आणि तूट इतरांच्या माथी जाते.

याहून गंभीर बाब नोंदीची. आपली एक गाडी घराच्या दारात उभी आहे आणि तिचा टॅग दुसरीत घाटावर गेला आहे. नाक्याचे दप्तर सांगेल की दारातली गाडी घाटावर होती. उद्या चोरी वा अपघात झाला, तर हीच खोटी नोंद आपल्याविरुद्ध उभी राहील, आणि ती आपणच लिहिलेली असेल.

शिवाय हातात धरून दाखविलेला टॅग यंत्राला नीट वाचता येत नाही. मागे रांग लागते. म्हणून २०२४ च्या जानेवारीत महामार्ग प्राधिकरणाने ‘एक गाडी, एक फास्टॅग’ हा आग्रह धरला. त्याच वर्षी जुलैत काचेवर न चिकटविलेल्या टॅगला दुप्पट शुल्क लावण्याच्या सूचना निघाल्या आणि जुलै २०२५ मध्ये असे सुटे टॅग काळ्या यादीत टाकण्याचे ठरले.

मग दोन गाड्यांच्या घराने काय करावे? उत्तर सोपे आहे. काही बँका एकाच खात्याला अनेक टॅग जोडू देतात. शिल्लक एकच ठेवावी, पट्ट्या मात्र गाडीगणिक निराळ्या लावाव्या. गाडी विकली की बँकेला कळवून टॅग बंद करावा, आणि पुढची काच बदलली की नवा मागावा. पिशवी सामाईक असण्यास कोणाचीच हरकत नाही. ओळख मात्र ज्याची त्याचीच असली पाहिजे, आणि हे गाड्यांइतकेच माणसांनाही लागू आहे.